गिरनारचा रोपवे घ्यावा की पायऱ्या चढाव्यात? नाशिकच्या एका कुटुंबाला सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डिसेंबरात तुम्ही सहा जण नाशिकहून गुजरातेत सोमनाथ-गिरनारला निघालाय. तुम्ही, यजमान, दीर, चौदा आणि नऊ वर्षांची मुलं आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना दत्तमहाराजांच्या पादुकांची ओढ आहे, पण गुडघे साथ देत नाहीत. यजमान म्हणतात, रोपवेच्या आठ-दहा मिनिटांच्या पाळण्यासाठी साडेतीन-चार हजार कशाला घालवायचे, रात्री पायऱ्यांनी चढू. आणि तुमच्या मनात अजून सापुतारा आहे. तिथल्या पाळण्यात बसल्यावर पोरं म्हणाली होती, "झालं पण?" त्यामुळे पैसे वसूल होतील का, ही शंका.

मी तेवीस वर्षं नाशिकहून सहली नेते. माझ्याबरोबर येणाऱ्यांत साठीच्या पुढची माणसं जास्त असतात, म्हणून पाळणा घ्यायचा की नाही हा प्रश्न मला प्रत्येक सहलीत पडतो. अनुभवावरून सांगते.

आधी एक गोष्ट, जी तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. गिरनारचा रोपवे दत्तशिखरापर्यंत जात नाही. तो भवनाथ तळेटीपासून, म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून, अंबाजी मंदिराजवळ जातो आणि तिथे संपतो. तिथून पुढे गोरखनाथांचं शिखर, मग बराच उतार, मग पुन्हा खडी चढण आणि तेव्हा दत्तपादुका. अंबाजीपासून पुढच्या त्या वाटेवर, चढ-उतार धरून, एका बाजूने आणखी चार-पाच हजार पायऱ्या आहेत. आणि परत यायला तेवढ्याच. दरवर्षी मला अंबाजीच्या पायरीवर मराठी आजी-आजोबा हताश होऊन बसलेले दिसतात. त्यांना वाटलेलं असतं की पाळण्यातून उतरलो की समोर दत्त. मुलाने कौतुकाने तिकीट काढलेलं असतं, पण पुढचं कुणी विचारलेलं नसतं. त्या माउलीच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं.

आता रोपवे नेमका काय आहे ते बघू. तो २४ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाला. लांबी साधारण २.३ किलोमीटर, एका पाळण्यात आठ माणसं. सुरू झाला तेव्हा मोठ्यांचं जाऊन-येऊन भाडं ७०० रुपये, मुलांचं ३५० आणि एका बाजूचं ४०० होतं. आजचा दर निघण्याआधी बघून घ्या. पण तिकीट एका बाजूचंही मिळतं हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे. पायऱ्यांनी अंबाजीपर्यंत पोचायला धडधाकट माणसाला अडीच-तीन तास लागतात, सवय नसेल तर चार. पाळणा ते काम दहा मिनिटांच्या आत करतो.

यजमानांचा हिशेब "आठ मिनिटांना सातशे" असा आहे, आणि तो तसा मांडला तर जगातला कुठलाही रोपवे महागच ठरेल. मी हिशेब वेगळा करते. पाळण्यामुळे वर किती वेळ मिळतो, त्या वेळात आपण काय करणार आहोत आणि खाली उतरताना अंगात किती त्राण उरणार आहे, हे बघते. सापुताऱ्याला तुमची निराशा झाली ती याचमुळे. तिथला पाळणा एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जातो, पण जिथे नेतो तिथे गाडीनेही जाता येतं, आणि वर उतरून करायचं काय तर फोटो. सगळी गंमत त्या दोन-चार मिनिटांतच शोधावी लागते. लहान पोरांना पहिल्यांदा पाळण्यात बसवायला तो चांगला आहे, मीही माझ्या भाचरांना तिथेच पहिल्यांदा बसवलं. पण त्यावरून गिरनारचा अंदाज बांधू नका. तिथे पाळणा तुम्हाला अशा जागी सोडतो जिथे तुमच्यातली काही माणसं एरवी पोचूच शकणार नाहीत.

याचं आपल्या घरचं उदाहरण म्हणजे सप्तशृंगी गड. नाशिकपासून साठेक किलोमीटर, त्यामुळे तुम्ही गेलाच असाल. तिथे २०१८ पासून ट्रॉली आहे. ती हवेत लोंबकळणारी नाही, रुळांवरून चालते. दोन डबे एकाच दोराच्या दोन टोकांना, एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो आणि अर्ध्या वाटेत दोघे एकमेकांना ओलांडतात. उतरणाऱ्या डब्याचं वजन चढणाऱ्याच्या कामी येतं, म्हणून यंत्राला कमी जोर लावावा लागतो. तीनेक मिनिटांचा प्रवास, दृश्य म्हणाल तर बेताचं. पण माझ्या आईला मी शेवटची सहा वर्षं जगदंबेचं दर्शन करवू शकले ते त्या तीन मिनिटांमुळे. त्याआधीची चार वर्षं ती पहिल्या पायरीला हात लावून खालूनच नमस्कार करून परतायची. त्या तिकिटाची किंमत मी कधी मनात आणली नाही.

तेव्हा सासूबाईंसाठी गिरनारचा रोपवे घ्यावा का? घ्यावा, दोन्ही बाजूंचा. त्यात दुसरा विचार नको. फक्त त्यांच्याशी आधी मोकळेपणाने बोला. "आई, पाळण्याने अंबाजीपर्यंत जाता येईल, पुढे दत्तापर्यंत डोली करावी लागेल," असं घरीच सांगा. त्यांना निवडू द्या. डोलीवाले वर अंबाजीजवळ मिळतात. माणसाच्या वजनावर दर ठरतो, वजनकाट्यावर बसवतात, त्याचा संकोच वाटू शकतो म्हणून तेही आधीच सांगून ठेवा. दर तिथेच बोलून, जाऊन-येऊन किती आणि वर थांबायचा वेळ धरून किती, हे पक्कं करा. डोलीत बसणं सगळ्यांना झेपत नाही. गोरखनाथांच्या पुढे उतार सुरू झाला की डोली पुढे झुकते आणि समोर दरी दिसते. माझ्यासोबत आलेल्या एक आजी डोळे मिटून अखंड नामस्मरण करत गेल्या आणि वर पादुकांपाशी त्यांनी डोळे उघडले. दुसऱ्या एक आजी पन्नास पावलांतच म्हणाल्या, मला उतरवा. दोघींचंही बरोबर होतं.

त्या अंबाजीपर्यंतच जायचं म्हणाल्या तर तीही यात्रा पुरी समजा. पण हा निर्णय तिथे वाऱ्यात उभं राहून, घाईत, सगळे घड्याळाकडे बघत असताना घेऊ नका.

तयारीसाठी एक साधी परीक्षा सांगते. निघण्याच्या महिनाभर आधी सगळे मिळून सप्तशृंगीला जा आणि ट्रॉली न घेता पायऱ्यांनी चढा-उतरा. पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सासूबाईंना वर ट्रॉलीने घेऊन जा आणि जमलं तर थोड्या पायऱ्या उतरवून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाचं काय दुखतंय ते विचारा. अंबाजी ते दत्तशिखर आणि परत, हे त्या एका चढणीच्या जवळपास वीसपट आहे. ज्याचे पाय गडावरून उतरल्यावर लटपटले त्याने गिरनारला जाऊन-येऊन पाळणा घ्यावा. गडापर्यंत जाणं होत नसेल तर पांडवलेणीच्या पायऱ्या आहेतच, रोज संध्याकाळी दोन फेऱ्या मारा.

आता यजमान आणि दीर. त्यांना रात्री चढायचं असेल तर जरूर चढू द्या. गिरनार रात्री चढण्यात एक वेगळं समाधान आहे, ते पाळणा देऊ शकत नाही. बारा-साडेबाराला तळेटीतून निघायचं, हातात काठी, "जय गिरनारी" म्हणत अनोळखी माणसं एकमेकांना धीर देतात, थंडीत चहाच्या टपऱ्या लागतात, आणि नेटाने गेलात तर दत्तशिखरावर झुंजूमुंजू होतं. चौदा वर्षांच्या मुलाला झेपणार असेल तर त्यालाही नेऊ द्या. आयुष्यभर आठवण राहील.

पण त्यांनी परतीचं, म्हणजे अंबाजीपासून खाली यायचं, एका बाजूचं तिकीट काढावं असा माझा आग्रह आहे. चढताना दम लागतो, गुडघे मार खातात ते उतरताना. प्रत्येक पायरीवर सगळ्या अंगाचं वजन वाकलेल्या गुडघ्यावर येतं आणि थकलेली मांडी ते सावरू शकत नाही. पाय मुरगळण्याचे जितके प्रकार मी सहलींत पाहिले, त्यातले बहुतेक उतरताना, शेवटच्या हजार-पाचशे पायऱ्यांवर झाले आहेत. लोक मात्र नेमकं उलटं करतात. चढताना पाळणा घेतात आणि "उतरायला काय लागतंय" म्हणून पायी येतात. ज्याला दमा आहे किंवा हृदयाचा त्रास आहे त्याने चढताना पाळणा घ्यावा हे ठीक. बाकी धडधाकट माणसाला पैसे एकाच बाजूला घालायचे असतील तर ते उतरण्यात घालावेत.

म्हणजे माझ्या मते तुमचा बेत असा बसेल. यजमान, दीर आणि थोरला रात्री पायी निघतील. तुम्ही, सासूबाई आणि धाकटी सकाळी पहिल्या पाळण्यांपैकी एकाने वर या. तोवर वरची मंडळी दत्तदर्शन करून परतीच्या वाटेवर असतील. साडेनऊ-दहाच्या सुमारास अंबाजीला भेटा, एकत्र दर्शन घ्या, आणि सगळे एकत्र पाळण्याने खाली या. सासूबाई डोलीने पुढे जाणार असतील तर तुमच्यापैकी एकाने त्यांच्याबरोबर चालावं लागेल, आणि ते रात्रभर चढलेल्या माणसाने करू नये. दीर ताजेतवाने हवेत तर त्यांना रात्रीच्या चढणीतून वगळा आणि सकाळी पाळण्यात बसवा. खर्चही तुम्ही धरलात त्याहून कमी येईल, कारण रात्री चढणाऱ्यांचं तिकीट एकाच बाजूचं लागेल.

वेळेची एक सूचना. शेवटचा पाळणा किती वाजता खाली येतो हे वर जातानाच विचारा आणि त्याच्या दोन तास आधी अंबाजीला परत येण्याचं ठरवा. अंबाजी ते दत्तशिखर आणि परत यायला बऱ्या चालीच्या माणसालाही चार तास धरा. दुपारी एकला पाळण्याने वर जाऊन दत्तशिखर गाठू म्हणणारे बरेचदा अंधारात पाच हजार पायऱ्या उतरतात.

दृश्य खरंच चांगलं दिसतं का, असं तुम्ही विचारलंय. दिसतं. निघाल्यावर मिनिटभरातच झाडांचे शेंडे पायाखाली जातात, मग काळाकभिन्न खडक अगदी जवळून सरकतो, आणि मागे जुनागड शहर हळूहळू पसरत जातं. खालचं जंगल म्हणजे सिंहांचा वावर असलेलं अभयारण्य आहे. धाकटीला हे सांगितलंत तर ती खाली बघत बसेल आणि उंचीची भीती विसरेल. वर जाताना डोंगराकडे पाठ करून बसा. बहुतेक जण उत्साहाने डोंगराकडे तोंड करून बसतात आणि त्यांना नुसता खडक आणि पुढच्या पाळण्याचं बूड दिसतं. सगळं दृश्य मागे उलगडत असतं. उतरताना दरीकडे तोंड करून बसा. सासूबाईंना उंचीची धास्ती असेल तर मात्र त्यांना डोंगराच्याच बाजूला तोंड करून बसवा.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, गिरनार हिरवागार असतो आणि हवा धुतल्यासारखी. डिसेंबरात सकाळी थोडं धुरकट असतं, नऊनंतर उघडतं. पावसाळ्यात जाणाऱ्यांना मी दृश्याची हमी कधीच देत नाही. ढगात गेलात तर पाळण्याच्या काचेपलीकडे नुसता पांढरा पडदा. मी स्वतः एकदा एका थंड हवेच्या ठिकाणी बावीस माणसांची तिकिटं आदल्या दिवशी काढून ठेवली. सकाळी उठून बघते तर समोरचं झाड दिसेना. पैसे गेलेत म्हणून सगळ्यांना नेलं, दोन तास रांगेत उभं केलं, आणि वर कुणाला काही म्हणजे काही दिसलं नाही. ती चूक माझी होती. त्या दिवसापासून मी नियम केलाय की ज्या रोपवेला केवळ देखाव्यासाठी जायचं, त्याचं तिकीट सकाळी वरचं शिखर डोळ्यांनी दिसल्यावरच काढायचं. जिथे वर देव आहे तिथे ढगाचं मला काही वाटत नाही.

वाऱ्याचं मात्र तसं नाही. गिरनारला वारा वाढला की रोपवे बंद ठेवतात, आणि हे पावसाळ्यातच होतं असं नाही, हिवाळ्यातही होतं. म्हणून जुनागडला एकच सकाळ ठेवून पुढे सोमनाथची खोली आरक्षित करू नका. एक जास्तीची सकाळ हाताशी ठेवा. बंद असला की लोक काउंटरवरच्या पोरांशी भांडतात. माझं उलट आहे, वारा सुटल्यावर जो रोपवे बंद होतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

सासूबाईंसाठी तुम्हाला सुरक्षिततेची काळजी वाटणं स्वाभाविक आहे, म्हणून यंत्र कसं चालतं ते थोडं सांगते. अशा रोपवेत एकच जाड पोलादी दोर गोल फिरत राहतो, थांबत नाही. पाळणा स्थानकात आला की त्याची पकड दोरावरून सुटते, तो रुळावर येऊन चालण्याइतका सावकाश सरकतो, माणसं चढतात-उतरतात, दार आपोआप बंद होतं आणि पकड पुन्हा दोराला घट्ट बसते. म्हणजे पाळणा पूर्ण थांबेल अशी वाट बघत बसू नका, पण धावायचीही गरज नाही. सासूबाई काठी घेऊन असतील तर तिथल्या माणसाला आधीच सांगा, बहुतेक ठिकाणी वेग आणखी कमी करतात. वाटेत खांबावरून जाताना खडखड होते आणि एक हिसका बसतो, ती चाकांवरून पकड जाते म्हणून. हे सासूबाईंना आणि धाकटीला आधी सांगून ठेवा, म्हणजे दचकणार नाहीत. मधेच पाळणा थांबला तर शंभरातल्या नव्वद वेळा कारण एवढंच असतं की खाली कुणीतरी चढताना अडखळलं. शांत बसायचं, हलायचं नाही, दाराला हात लावायचा नाही. वीज गेली तर डिझेलवर चालणारं दुसरं यंत्र असतं, त्यावर सावकाश सगळ्यांना आत घेतात.

अपघात होतच नाहीत असं मी सांगणार नाही. जून २०१७ मध्ये गुलमर्गला सोसाट्याच्या वाऱ्यात झाड उन्मळून दोरावर पडलं आणि सात माणसं गेली. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडमधल्या देवघर शहराजवळच्या त्रिकूट डोंगरावर पाळणे अडकले, माणसं चाळीस तासांहून जास्त हवेत होती, हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी त्यांना काढलं, तरी काहींचा जीव गेला. या दोन्ही बातम्या मी विसरलेले नाही, म्हणून कुठल्याही रोपवेवर मी माणसं नेण्याआधी दहा मिनिटं नुसती उभी राहून बघते. ठरल्यापेक्षा जास्त माणसं कोंबतात का? दार लागल्याची खात्री कुणी हाताने करतो का? सकाळी आधी रिकामे पाळणे फिरवून बघतात का? वाऱ्याबद्दल विचारलं तर उत्तर नीट मिळतं की उडवाउडवीचं? एका छोट्या ठिकाणी हे बघूनच मी सगळ्यांना घेऊन मागे फिरले. आरडाओरडा झाला, पण मला त्याचं दुःख नाही. गिरनारला मला अशी शंका आजवर आलेली नाही.

पाळण्याने जाताना काय हुकतं हेही जमेस धरा. गिरनारच्या पायऱ्यांवर, अंबाजीच्या बऱ्याच खाली, जैन मंदिरांचा समूह आहे. नेमिनाथांचं मंदिर त्यात मुख्य. पाळणा त्यांना ओलांडून जातो आणि बघायची असतील तर अंबाजीहून हजारभर पायऱ्या उतरावं लागतं. रात्री चढणाऱ्यांना ती अंधारात लागतात. यजमानांना कोरीव कामाची आवड असेल तर उतरताना तेवढ्यापुरतं पायी यावं आणि मग पाळण्याचा विचार सोडून पुढेही पायीच उतरावं, असा एक पर्याय राहतो.

रायगडला हे जास्त जाणवतं. १९९६ साली तिथे रोपवे झाला आणि हिरकणीवाडीतून चार-पाच मिनिटांत गडावर जाता येऊ लागलं. माझ्या मनात त्याबद्दल कृतज्ञताच आहे. ऐंशी वर्षांच्या आजोबांना मी महाराजांच्या समाधीपुढे उभं राहून रडताना पाहिलंय, ते पाळण्याशिवाय शक्य नव्हतं. पण पाळणा तुम्हाला मेणा दरवाजाच्या बाजूने गडात नेतो. महादरवाजातून आत जाताना दोन बुरुजांच्या कुशीत माणूस कसा एवढासा होतो, शत्रूला वळणावळणावर कसं अडवलं असेल, हे तुम्हाला कळतच नाही. म्हणून ज्यांचे पाय धड आहेत त्यांना मी रायगड चढायला लावते, चौदाशे-पंधराशेच पायऱ्या आहेत, आणि उतरताना पाळणा देते. तुमच्या मुलांना तिथे न्याल तेव्हा असंच करा.

पुढच्या वर्षी काश्मीरचा विचार आहे असंही तुम्ही ओघात लिहिलंय, तर गुलमर्गचं दोन ओळींत. तिथे पाळण्याचे दोन टप्पे आहेत. पहिला कोंगडूरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळपास चार हजार मीटर उंचीवर. आपलं नाशिक सहाशे मीटरच्या आसपास. सासूबाईंना पहिल्या टप्प्यापर्यंतच न्या. दुसऱ्या टप्प्याचा देखावा अपूर्व आहे, पण तिथली हवा विरळ आहे. श्रीनगरला उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना तिथे नेणं मला मान्य नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

दृश्य आणि पैसा यांच्या हिशेबात आणखी एक बाजू येते, ती इथे नाशिकमध्ये आपल्याला चुकवता येत नाही. ब्रह्मगिरी आणि अंजनेरीला जोडणाऱ्या रोपवेचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा माझ्या व्यवसायातल्या काहींना आनंद झाला. मला झाला नाही. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत, पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका नावाची इवलीशी वनस्पती फुलते, तिच्या नावातच अंजनेरी आहे. गिरनारच्या रोपवेचं भूमिपूजन २००७ मध्ये झालं आणि तो २०२० मध्ये चालू झाला, त्या मधल्या काळात तिथेही गिधाडांचा प्रश्न आलाच होता. जिथे शेकडो वर्षं लाखो म्हातारी माणसं जिवाच्या आकांताने चढत आली तिथे पाळणा हवा, असं मला मनापासून वाटतं. जिथे लोक पावसाळ्यात ढग अंगावर घ्यायला जातात, तिथे नको. हे माझं मत, तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध नाही, पण पाळण्याविषयी बोलताना ते गिळून टाकणं मला जमत नाही.

तारखांचं बघा. डिसेंबरात बहुतेक वेळा दत्तजयंती येते, मार्गशीर्ष पौर्णिमेला. त्या तीन-चार दिवसांत अर्धा महाराष्ट्र गिरनारला असतो आणि पाळण्याची रांग पायऱ्यांइतकीच दमवते. दत्तजयंतीलाच दर्शन घ्यायचं असेल तर पायी जाणाऱ्यांनी जावं, सासूबाईंना त्या गर्दीत नेऊ नका. नाताळाच्या सुट्टीतही तीच गत. मुलांच्या शाळेचं जमत असेल तर पौर्णिमा उलटल्यावरचा आणि नाताळाच्या आधीचा आठवडा गाठा, त्यातही मधला वार. सोमवारी दत्तशिखराच्या वाटेजवळच्या कमंडलू कुंडापाशी धुनी पेटते म्हणून मराठी भाविक सोमवार साधतात. तुम्हाला ती ओढ नसेल तर मंगळवार-बुधवार बरा. कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा गिरनारची परिक्रमा असते, कुणी तुम्हाला तारखा मागे ओढायला सांगितलं तर तेवढे दिवस टाळा.

आणि तळेटीकडे जाताना रस्त्यालगत अशोकाचे शिलालेख आहेत, तिथे अर्धा तास थांबा. त्याच खडकावर रुद्रदामन राजाचा इसवी सन १५० चा लेख आहे. त्यात तो म्हणतो की दक्षिणापथाच्या, म्हणजे दख्खनच्या, सातकर्णी राजाला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून त्याचं राज्य बुडवलं नाही. थोरल्याला सांगा, ज्या सातवाहनांचे लेख आपण पांडवलेणीत बघतो, त्यांच्याच घराण्याबद्दल हे लिहिलंय. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई मुलाचे पराक्रम सांगते, आणि इथे दुसरी बाजू स्वतःची सांगते. दोन्हीकडची अक्षरं साधारण एकाच काळातली. माझ्या सहलीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने हे पोरांना समजावलं तेव्हा पाळण्यासाठी हट्ट करणारी पोरं तिथून हलेनात.

बाकी किरकोळ. पाळण्यात बसण्याआधी सासूबाईंना भरपेट खायला घालू नका, पण उपाशीही ठेवू नका. त्यांची सकाळची गोळी तुमच्या पर्समध्ये असू द्या, खाली गाडीत राहायला नको. अंबाजीला उतरल्या उतरल्या वारा थेट अंगावर येतो, खाली स्वेटर काढून ठेवलेली माणसं वर कुडकुडतात. कानटोपी आणि शाल त्यांच्या हातातच द्या. काठी रबरी टोकाची घ्या, लोखंडी टोक स्थानकाच्या फरशीवर सरकतं.